मायनस 11 नंबर, ओसीटीवर लाल रंग आणि दोन डॉक्टरांची दोन मतं

प्रश्न थोडक्यात असा: वय 33, राहायला ठाण्यात घोडबंदर रोडला, नोकरी ऐरोलीत आयटीमध्ये. शाळेपासून चष्मा, आता उजव्या डोळ्याला मायनस 11 आणि डाव्याला मायनस 12.5. चष्मा घालवायच्या ऑपरेशनसाठी तपासायला गेल्या, तिथे ओसीटी (दृष्टीच्या नसेच्या तंतूंची जाडी मोजणारा स्कॅन) काढला आणि दोन्ही डोळ्यांचा रिपोर्ट लाल आला. डोळ्यातलं प्रेशर 15 आणि 16. तिथल्या डॉक्टरांनी ‘काचबिंदू आहे, नस खराब होतेय, आजपासून कायमचे थेंब’ असं सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरांनी ‘एवढ्या नंबरात नस अशीच दिसते, काही करू नका’ म्हणून परत पाठवलं. घरात बाळाचा विचार चालू आहे. सासूबाईंच्या मते हे सगळं मोबाइलमुळे. खरं काय मानायचं आणि थेंब सुरू करायचे का?

उत्तर:

दोघांपैकी कुणीही तुम्हाला फसवलेलं नाही, हे आधी सांगते. माझ्या मते दोघांनीही घाई केली, एकानं ‘आहे’ म्हणण्याची आणि दुसऱ्यानं ‘नाही’ म्हणण्याची. तुमच्यासारख्या डोळ्यात नस आज कशी दिसते यावरून फारसं ठरत नाही. ती सहा महिन्यांनी, वर्षानं, दोन वर्षांनी कशी दिसते यावर सगळं ठरतं. म्हणून आधी पक्की पहिली नोंद करायची आणि मग तुमची तुलना तुमच्याशीच करत राहायची. थेंबांचा निर्णय त्यातून निघतो.

आता हे असं का, ते जरा सविस्तर सांगते, कारण एकदा हे कळलं की रिपोर्टची भीती बरीच कमी होते.

मोठ्यांचा नॉर्मल डोळा पुढून मागे साधारण 24 मिलिमीटर लांब असतो. मायनस नंबर म्हणजे बहुतेक वेळा डोळा लांब झालेला असणं. एक मिलिमीटर लांबी वाढली की अडीच ते तीन नंबर वाढतो. मायनस 6 च्या पुढे किंवा लांबी 26 च्या पुढे गेली की आम्ही त्याला ‘हाय मायोपिया’ म्हणतो. तुमच्या डोळ्याची लांबी 28 च्या आसपास असणार. ऑपरेशनसाठी गेला होतात म्हणजे ती मोजलेली असेल. कागदात ‘अ‍ॅक्शियल लेंग्थ’ शोधा आणि तो आकडा जपून ठेवा.

डोळा लांबतो तेव्हा आतलं सगळं ताणलं जातं. पडदा पातळ होतो, त्याच्यामागचा रक्तवाहिन्यांचा थरही पातळ होतो. दृष्टीची नस डोळ्यातून बाहेर पडते ती जागा जेमतेम दीड मिलिमीटरची. तिथून दहा-बारा लाख तंतू एका जाळीदार पडदीतून पार होऊन मेंदूकडे जातात. लांब डोळ्यात ही जाळी पातळ आणि ताणलेली असते. तिच्या एका बाजूला डोळ्यातलं प्रेशर, दुसऱ्या बाजूला मेंदूभोवतीच्या पाण्याचं प्रेशर. मधली भिंत पातळ झाली की तोच दाब तंतूंना जास्त जाचतो. त्यामुळे 15-16 हे प्रेशर कागदावर नॉर्मल असलं तरी अशा डोळ्याला ते सोसेलच, असं गृहीत धरता येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्स आय स्टडीचे निष्कर्ष 1999 मध्ये आले. त्यात मायनस 3 आणि त्यापुढच्या नंबरवाल्यांमध्ये काचबिंदूची जोखीम साधारण तिप्पट निघाली. म्हणजे पहिल्या डॉक्टरांच्या शंकेला आधार आहे.

पण याच ताणामुळे नस *दिसायलाही* वेगळी दिसते, आणि इथे दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं लागू पडतं. नॉर्मल नसेचं तोंड गोलसर, गुलाबी, मध्ये छोटासा खळगा. या खळग्याला आम्ही कप म्हणतो आणि काचबिंदूत तो मोठा होत जातो. मोठ्या मायनस नंबरात ते तोंड तिरकं होतं, अंडाकृती दिसतं, कधी स्वतःभोवती थोडं फिरलेलं असतं. कानाकडच्या बाजूला पांढरट चंद्रकोर असते, कारण तिथला थर ताणून बाजूला सरकलेला असतो. गुलाबी कडाही फिकट वाटते. त्यात कप उथळ. स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या तपासणीच्या यंत्रावर) भिंग धरून बघताना नॉर्मल डोळ्यात कपची कड चटकन सापडते. इथे उतार इतका सौम्य असतो की कड कुठे संपली आणि कप कुठे सुरू झाला, यावर दोन अनुभवी डॉक्टरांचंही एकमत होत नाही. मी अशा वेळी रंगाकडे फार लक्ष देत नाही. बारीक रक्तवाहिनी कुठे वाकते ते बघते, मग हिरवा दिवा लावून तंतूंच्या थरात पाचरीसारखी काळी फट आहे का ते शोधते. तुमच्या कागदावर ‘सी डी रेशो 0.7’ लिहिलंय, म्हणजे नसेच्या तोंडाच्या मानानं कप केवढा ते. एवढ्या नंबरात त्या एका आकड्यावर मी काहीच ठरवणार नाही.

आता तो लाल रंग.

ओसीटी मशीन तंतूंच्या थराची जाडी मोजतं आणि आपल्या साठ्यातल्या निरोगी लोकांशी तुलना करून रंग देतं. हिरवा म्हणजे नेहमीचा, पिवळा म्हणजे निरोगी लोकांत शंभरात पाचांहून कमी जणांत सापडणारी जाडी, लाल म्हणजे शंभरात एकाहूनही कमी. हे निरोगी लोक कोण, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. त्यात मायनस 11-12 ची माणसं अगदी नावापुरती असतात. ठाण्याचं तापमान महाबळेश्वरच्या सरासरीशी ताडून बघितलं तर रोजच ताप आल्यासारखं वाटेल, तसंच हे.

शिवाय मोजण्यातही गोम आहे. मशीन नसेभोवती साधारण साडेतीन मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ धरून जाडी मोजतं. लांब डोळ्यात तेच वर्तुळ प्रत्यक्षात मोठं पडतं, नसेपासून लांब जातं, आणि तिथे थर मुळातच पातळ असतो. दुसरं म्हणजे तंतूंचे वरचे आणि खालचे जाड पट्टे अशा डोळ्यात कानाकडच्या बाजूला सरकलेले असतात. मशीन त्यांना जुन्या जागी शोधतं, तिथे ते सापडत नाहीत, म्हणून वर-खाली लाल. आणि जिथे ते सरकलेत तिथे थर नेहमीपेक्षा जाड निघतो, पण ‘इथे जास्त आहे’ हे सांगायला मशीन लाल दिवा लावत नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत नेमकं हेच दिसतंय: वर-खाली लाल आणि कानाकडच्या बाजूला आलेख हिरव्या पट्ट्याच्याही वर गेलेला. शिवाय सिग्नल स्ट्रेंग्थ, म्हणजे स्कॅनचा दर्जा, 10 पैकी 5 आहे; त्या मशीनवर 6 च्या खालचा स्कॅन मी मोजणीत धरत नाही. डाव्या डोळ्याच्या स्कॅनमध्ये तर एका बाजूला थराची रेघ तुटून वर गेली आहे, म्हणजे मशीनला थर ओळखताच आलेला नाही, आणि तिथला आकडा निरर्थक आहे. रिपोर्टच्या पहिल्या पानावरचे रंगीत गोल बघून निर्णय द्यायचा आणि मागचा करडा फोटो बघायचाच नाही, ही सवय आमच्या धंद्यात वाढत चालली आहे. मला ती मुळीच पटत नाही.

मग ओसीटी बिनकामाचा का? अजिबात नाही. दोन गोष्टींसाठी तो फार उपयोगी आहे. एक, नसेच्या ऐवजी पडद्याच्या मध्यभागाचा, मॅक्युलाचा, गँग्लियन सेलचा (नसेचे तंतू ज्यांतून निघतात त्या पेशींचा) स्कॅन. तिथे वरचा अर्धा आणि खालचा अर्धा एकमेकांशी ताडून बघता येतात. नुसत्या नंबरामुळे पातळपणा असेल तर तो साधारण दोन्हीकडे सारखा असतो. काचबिंदूत बऱ्याचदा एक अर्धा आधी जातो आणि कानाकडच्या बाजूला मधल्या आडव्या रेषेवर सरळ पायरी पडल्यासारखी दिसते. दुसरी गोष्ट, तोच स्कॅन त्याच मशीनवर पुन्हा. वर्षादीड वर्षाच्या अंतरानं काढलेले तीन-चार स्कॅन एकावर एक ठेवले की तुमची तुलना तुमच्याशीच होते. तुमच्या जाडीचा आकडा 70 असेल आणि तीन वर्षांनीही 70 च्या आसपास असेल, तर रंग लाल असला तरी मला झोप लागते. म्हणून मशीन बदलू नका. ठाण्यात एकदा, वाशीला एकदा, ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये एकदा असे तीन कंपन्यांच्या मशीनवरचे स्कॅन एकमेकांशी जुळत नाहीत आणि पैसे जातात ते वेगळेच.

फील्ड टेस्टबद्दल, म्हणजे नजरेच्या आवाक्यात कुठे कमी दिसतं ते शोधणाऱ्या टेस्टबद्दल, तुम्ही लिहिलंय, ‘झाली पण डॉक्टर म्हणाले नीट आली नाही’. ही टेस्ट पहिल्यांदा कुणाचीच नीट येत नाही. अंधारी खोली, एका डोळ्यावर पट्टी, हनुवटी टेकवून पांढऱ्या वाटीत बघायचं, मधल्या दिव्यावरून नजर हलवायची नाही आणि कडेला अंधूक ठिपका दिसला की बटण दाबायचं. दिसतोय की नाही अशी शंका येण्याइतका ठिपका मंद होणारच, टेस्टचं कामच ते. मोठ्या नंबरवाल्यांना आणखी एक त्रास: टेस्टच्या वेळी डोळ्यासमोर बसवलेल्या जाड काचेची कडच आड येते आणि रिपोर्टवर कडेला काळी कडी उमटते. म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या घालून टेस्ट द्या आणि तंत्रज्ञाला तसं आधी सांगा, म्हणजे तो वरून पुन्हा पूर्ण नंबर लावणार नाही. नुसत्या नंबरामुळेही फील्डमध्ये खोटे डाग येतात: आंधळा ठिपका (नसेच्या तोंडामुळे सगळ्यांनाच असणारी न दिसणारी जागा) मोठा दिसतो, तिरक्या नसेमुळे वर-बाहेरच्या कोपऱ्यात मंदपणा येतो. दोन्ही डोळ्यांत तसा आला की पिट्युटरी ग्रंथीची गाठ असल्याचा भास होतो आणि लोक एमआरआय करून येतात. योग्य नंबर लावून टेस्ट पुन्हा केली तर यातला काही भाग पुसला जातो.

काचबिंदूचा डाग वेगळा वागतो. तो मधल्या आडव्या रेषेला धरून असतो, नाकाकडच्या बाजूला पायरी करतो, ओसीटीतल्या पातळ जागेशी जुळतो आणि पुन्हा टेस्ट केली तरी तिथेच असतो. पहिल्या एक-दोन महिन्यांत दोन टेस्ट नीट करून घ्या. त्या दोन्ही सारख्या आल्या की ती तुमची मूळ नोंद. पुढे पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी. मध्यबिंदूजवळ शंका असेल तर 10-2 नावाची जवळची टेस्टही एकदा करावी, कारण मोठ्या नंबरात नुकसान कधी कधी लवकर मध्याकडे सरकतं आणि नेहमीच्या 24-2 टेस्टमध्ये ते दोन ठिपक्यांच्या मधून निसटतं.

प्रेशर एकदाच मोजून 15 आणि 16 म्हणजे फार काही कळलं नाही. हवेचा फुंकरा मारणाऱ्या मशीनपेक्षा स्लिट लॅम्पवर निळ्या दिव्यानं मोजलेलं प्रेशर मी जास्त मानते. प्रेशर दिवसभर बदलतं आणि पुष्कळ लोकांत ते पहाटे किंवा आडवं पडल्यावर जास्त असतं. आमच्याकडे नोकरदार मंडळी सगळी शनिवारी संध्याकाळीच येतात, त्यामुळे त्यांच्या फाइलीत वर्षानुवर्षं फक्त शनिवार संध्याकाळचंच प्रेशर. एक दिवस सुट्टी काढून सकाळी लवकर, दुपारी आणि संध्याकाळी असं तीनदा मोजून घ्या. सोबत कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाची, जाडी. ती साधारण 540 मायक्रॉन असते. तुमची त्याहून बरीच कमी असेल तर खरं प्रेशर मोजलेल्यापेक्षा जास्त आहे असं धरावं लागतं. आणि आरसा लावून कोनाची, म्हणजे डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं त्या कोपऱ्याची तपासणी, म्हणजे गोनिओस्कोपी. तरुण मायनसवाल्यांत कधी कधी बुबुळाच्या मागचा रंग झडून कोनात साचतो आणि व्यायामानंतर प्रेशर चढतं. कोन न बघता ‘नॉर्मल प्रेशरचा काचबिंदू’ असं लिहू नये.

याच जागी मी एक प्रश्न नेहमी विचारते, आणि तो तुम्हालाही: स्टेरॉइड. मोठ्या मायनस नंबरवाल्यांचं प्रेशर स्टेरॉइडनं इतरांपेक्षा सहज चढतं. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली तेव्हा मेडिकलमधून परस्पर थेंब घेऊन घरात सगळ्यांनी टाकले. त्यातल्या कित्येक बाटल्यांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड होतं. लाली लगेच जाते, म्हणून तीच बाटली पुढच्या अ‍ॅलर्जीलाही वापरली जाते. दम्याचा पंप, नाकातला स्प्रे, त्वचेच्या गोळ्या, चेहरा उजळवणारी क्रीम, सगळं आठवा. कदाचित पूर्वी काही महिने प्रेशर चढून नस थोडी खराब झाली असेल आणि आता सगळं शांत असेल. तसं असेल तर आयुष्यभराच्या थेंबांची गरजच नाही, फक्त स्टेरॉइडपासून लांब राहायचं आणि तसं प्रत्येक डॉक्टरांना सांगायचं.

नस फिकट दिसण्याची आणखीही कारणं असतात, त्यांच्याकडे पटकन नजर टाकते. टीबीच्या औषधांतलं एथॅम्ब्युटॉल, बी-12 ची कमतरता, तंबाखू. लाल रंग फिका दिसणं, नजर मधोमध कमी होणं, एका डोळ्याची नजर भराभर उतरणं, कपच्या मानानं कड जास्त फिकट असणं, फील्डचा डाग उभ्या रेषेला धरून असणं, यातलं काही असेल तर काचबिंदूचं लेबल बाजूला ठेवून एमआरआय करायला हवा. तुम्ही लिहिलेल्यात यातलं काही दिसत नाही.

प्रेशर उतरवणाऱ्या थेंबांचं म्हणाल तर, आज तुमच्या जागी माझी रुग्ण असती तर मी थेंब लिहिले नसते. पण हे ‘काही करू नका’ नव्हे. विश्वासाच्या दोन फील्ड, एक नीट ओसीटी, नसेचा रंगीत फोटो आणि प्रेशरची दिवसभराची नोंद, एवढं हातात आल्यावर ठरवलं असतं. कायमचे थेंब सुरू केल्यावर मूळ प्रेशर किती होतं हे पुन्हा कळायला थेंब बंद करावे लागतात, आणि ते करायला कुणी धजत नाही. चाळिशीच्या आतल्या मोठ्या नंबरवाल्यांत कित्येकदा नस आणि फील्ड संशयास्पद असूनही वर्षानुवर्षं जसंच्या तसं राहतं, हे आता पुरेसं माहीत आहे. दुसरीकडे, नस खरंच ढासळत असेल तर प्रेशर कितीही ‘नॉर्मल’ असो, ते आणखी खाली आणलंच पाहिजे. नॉर्मल प्रेशरच्या काचबिंदूवरचा मोठा प्रयोग 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रेशर 30 टक्क्यांनी उतरवलेल्या डोळ्यांपैकी 12 टक्के बिघडले, उपचार न केलेल्यांपैकी 35 टक्के. या आकड्यांत दोन्ही बाजू आहेत. उपचारांनी फरक पडतो, आणि उपचार न केलेल्यांतलेही निम्म्याहून जास्त त्या काळात बिघडले नाहीत.

तुमच्या फील्डमध्ये मध्याजवळ पक्का डाग निघाला, किंवा आईवडिलांपैकी, भावंडांपैकी कुणाची नजर काचबिंदूनं गेलेली असेल, तर मात्र मी वर्षभर वाट बघणार नाही. घरात विचारा. आपल्याकडे हा आजार बहुतेक वेळा निदानाशिवायच राहतो. आंध्र प्रदेशातल्या मोठ्या पाहणीत सापडलेल्या 90 टक्क्यांहून जास्त लोकांना आपल्याला काचबिंदू आहे हे ठाऊकच नव्हतं. ‘आजोबांना म्हातारपणी दिसत नव्हतं’ यात काय दडलंय ते सांगता येत नाही, म्हणून हयात असलेल्यांना तरी तपासून आणा.

बाळाच्या विचारामुळे औषधाची निवड बदलते. रात्री एकदा टाकायचे लॅटॅनोप्रॉस्ट, बिमॅटोप्रॉस्ट जातीचे थेंब साधारणपणे पहिले दिले जातात. गरोदरपणात ते टाळतात. टिमोलॉल दमा असेल तर नको, आणि गरोदरपणात दिलं तर बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागतं. ब्रिमोनिडिन अंगावर पाजताना नको, तान्ह्या बाळाला गुंगी येऊन श्वास मंदावू शकतो. उपचार लागलेच तर दिवस राहण्याआधी एसएलटी लेझर (डोळ्यातल्या पाण्याचा निचरा सुधारून प्रेशर उतरवणारं) हा तुमच्यासाठी चांगला पर्याय आहे. बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत होतो, कापाकापी नाही. ब्रिटनमधल्या लाइट ट्रायलचे निकाल 2019 मध्ये आले. त्यात आधी लेझर केलेल्यांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश लोकांना तीन वर्षांनंतरही थेंब लागत नव्हते. ते सगळे तुमच्यासारख्या डोळ्यांचे नव्हते हे खरं, आणि लेझरचा परिणाम काही वर्षांनी ओसरतो हेही खरं. पण गरोदरपणात प्रेशर बहुधा आपोआप थोडं उतरतं, त्यामुळे तेवढा काळ बहुतेक वेळा निभावून जातो. काचबिंदूच्या ऑपरेशनची भाषा इतक्यात कुणी केली तर दुसरं मत घ्या. तरुण आणि लांब डोळ्यात ट्रॅबेक्युलेक्टॉमीनंतर (पाण्याला नवी वाट काढून देणाऱ्या ऑपरेशननंतर) प्रेशर गरजेपेक्षा खाली जाऊन पडद्याला सुरकुत्या पडण्याचा धोका जास्त असतो. तो उपाय खरंच लागेल तेव्हासाठी राखून ठेवायचा.

आणि ‘एवढा नंबर म्हणजे सिझेरियनच’ असं कुणी सांगेल, सांगतातच. नंबर जास्त आहे एवढ्यावरून नॉर्मल बाळंतपण टाळायचं कारण नाही. कळा देताना पडदा सुटतो याला अभ्यासांतून आधार मिळालेला नाही. बाळंतपणाआधी बाहुली मोठी करून पडद्याच्या कडा मात्र एकदा नीट बघून घ्या, फटी किंवा पातळ जागा असल्यास त्यांचं काय करायचं ते तेव्हाच ठरतं.

चष्मा घालवायचं ऑपरेशन तूर्त एक वर्ष पुढे ढकला. नंबर गेला तरी डोळा तेवढाच लांब राहतो आणि नसेची जोखीमही तेवढीच राहते. लोक मात्र चष्मा गेला म्हणून तपासणी सोडतात. तुमच्या नंबराला लॅसिक बसणार नाही, डोळ्यात लेन्स बसवायची म्हणतील. त्यानंतर काही आठवडे स्टेरॉइडचे थेंब येतात, ते वर सांगितलंच. ज्यांचं लॅसिक आधीच झालंय त्यांच्यासाठी एक सूचना: त्यानंतर कॉर्निया पातळ होतो आणि प्रेशर खोटं कमी दिसतं, म्हणून लॅसिकच्या आधीचे कागद कधी फेकू नका.

सासूबाईंना सांगा, मोबाइलनं नस खराब होत नाही. लहानपणी सतत जवळचं बघणं आणि उन्हात न जाणं यानं नंबर वाढतो, तेवढा त्यांचा मुद्दा खरा. तुमच्या वयात स्क्रीननं डोळे कोरडे होतील, दुखतील, पण नस जाणार नाही. शीर्षासन मात्र सोडा. चेन्नईच्या डॉक्टरांनी योग करणाऱ्यांत मोजलं तेव्हा शीर्षासनात प्रेशर जवळजवळ दुप्पट झालं होतं. डोकं खाली न जाणारी बाकी योगासनं, चालणं, पोहणं चालेल. पोहण्याचा चष्मा डोळ्याच्या खोबणीत रुतणारा नको. डोळे चोळायची सवय असेल तर तीही सोडा.

काचबिंदूच्या काळजीत पडद्याकडे दुर्लक्ष होऊ नये. तुमच्या नंबराच्या डोळ्यात अचानक नजर जाण्याचं कारण बहुधा पडदा असतो. वीज चमकल्यासारखं दिसणं, काळ्या माशांचा किंवा काजळीचा एकदम पाऊस, कडेनं पडदा सरकत येणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी तपासून घ्या, सोमवारची वाट बघू नका. दुसरं, आठवड्यातून एकदा एक डोळा झाकून खिडकीच्या ग्रिलकडे बघा, मग दुसरा. सरळ गज वाकडा दिसला किंवा मध्ये करडा ठिपका आला तर पडद्याखाली नाजूक रक्तवाहिनी वाढत असण्याची शक्यता असते. त्यावर डोळ्यात इंजेक्शन देतात आणि लवकर दिलं तर नजर वाचते. हे ठाण्यातून मुंबईला न जाताही होतं.

पुढच्या तपासणीला येताना जुन्या चष्म्याच्या नंबराच्या चिठ्ठ्या, सापडतील तेवढ्या, आणा. 18 व्या वर्षी मायनस 9 होता की 12, यावरून डोळा अजून लांबतोय की थांबलाय याचा अंदाज येतो, आणि लांबणाऱ्या डोळ्यात नसेचं रूप नुसत्या ताणानंही बदलतं. कॉन्टॅक्ट लेन्स आणा, पण प्रेशर आणि कॉर्नियाची जाडी मोजताना त्या काढाव्या लागतील, म्हणून डबी आणि सोल्यूशनही. बाहुली मोठी करायचे थेंब टाकल्यावर चार-पाच तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड टोचतो, तेव्हा स्वतः गाडी चालवत येऊ नका.

होणाऱ्या बाळाच्या डोळ्यांबद्दल तुम्ही शेवटी विचारलं आहे. आईचा नंबर एवढा असला की मुलाला चष्मा लागण्याची शक्यता वाढते, काचबिंदू लागेल असं त्यातून ठरत नाही. तिसऱ्या वर्षाच्या आत एकदा डोळे तपासा, शाळेत गेल्यावर दर वर्षी. रोज दोन तास उघड्यावर, उन्हात खेळू द्या. उपवन आहे, तलावपाळी आहे, सोसायटीची गच्ची असली तरी चालेल. आणि नंबर लागलाच, वाढत चालला, तर ‘कमी नंबराचा चष्मा द्या म्हणजे वाढणार नाही’ असं कुणाचं ऐकू नका. पूर्ण नंबर द्यायचा. नंबराचा वेग कमी करायला आता कमी ताकदीचे अ‍ॅट्रोपिनचे थेंब आणि खास काचा मिळतात, त्या सहा-सात वर्षांचं मूल असतानाच सुरू केल्या तर उपयोग जास्त.